कळवणं, विचारणं आणि होकार

महाराष्ट्र राज्य स्थापन करायला एकही घटनादुरुस्ती लागली नाही. ज्या मागणीसाठी मोर्चे निघाले, गोळीबार झाले, फ्लोरा फाउंटनच्या परिसराला हुतात्मा चौक हे नाव मिळालं, ती मागणी कायद्यात उतरवायला संसदेत साधं बहुमत पुरलं. ‘मुंबई पुनर्रचना कायदा’ हा १९६० सालचा अकरावा कायदा. त्याने घटनेच्या पहिल्या परिशिष्टातली राज्यांची यादी बदलली, म्हणजे घटनेतली अक्षरं बदलली. पण घटनेचं कलम ४ सांगतं की कलम ३ खाली असा कायदा झाला, तर त्याला कलम ३६८ खालची घटनादुरुस्ती समजायचं नाही. त्यामुळे घटनादुरुस्त्यांच्या क्रमवार यादीत १ मे १९६० कुठे सापडत नाही.

राज्यघटना बदलते कशी, याचा विचार मला इथून सुरू करावासा वाटतो. एरवी ही चर्चा आकड्यापासून सुरू होते. २०२३ सालापर्यंत १०६ घटनादुरुस्त्या झाल्या. अमेरिकेत सव्वादोनशेहून अधिक वर्षांत फक्त २७. मग कुणी म्हणतं आपली घटना लवचिक, कुणी म्हणतं ठिसूळ. आकड्याने यातलं काहीच ठरत नाही. लोकसभा आणि विधानसभांतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा मूळ घटनेत दहा वर्षांसाठी होत्या. कलम ३३४ मधल्या त्या दहाचे वीस, विसाचे तीस, असं करत आज ऐंशी झाले आहेत. त्यासाठी आठवी, तेविसावी, पंचेचाळिसावी, बासष्टावी, एकोणऐंशीवी, पंचाण्णवावी आणि एकशे चौथी अशा सात घटनादुरुस्त्या खर्ची पडल्या. चालू होतं ते चालू ठेवायला सात, आणि देशाच्या नकाशावर नवं राज्य आणायला शून्य. तेव्हा ‘किती वेळा बदलली’ यापेक्षा प्रत्येक बदलाच्या वेळी ‘कुणाला विचारलं’ हे पाहिलं, तर घटनेची रचना जास्त उलगडते.

आपल्याकडे घरात लग्न ठरतं तेव्हा काही नातेवाइकांना नुसतं कळवायचं असतं, काहींना विचारायचं असतं, आणि दोघाचौघांचा होकार आल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. कोण कुठल्या रांगेत, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि रुसवेफुगवे होतात ते त्यावरूनच. घटनेनेही अशाच रांगा लावल्या आहेत.

कलम ३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाची जागा मधल्या रांगेत आहे. सीमा बदलायची, नाव बदलायचं, राज्य तोडायचं किंवा जोडायचं, तर राष्ट्रपती ते विधेयक त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवतात. १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने मत कळवायला मुदत घालून देण्याचीही सोय केली; मुदतीत मत आलं नाही तर पुढे जायला मोकळीक. मत विरोधात आलं तरी संसद बांधलेली नाही. याची झळ मराठी माणसाला लगेच लागली. १९५६ च्या राज्य पुनर्रचना विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन वेगळे घटक होते. मुंबईच्या विधिमंडळाने मत दिलं ते या तीन घटकांच्या आराखड्यावर. मग संसदेत चक्रं फिरली आणि कायदा झाला तो एका विशाल द्विभाषिक मुंबई राज्याचा. बाबूलाल पराते यांनी न्यायालयात विचारलं, ज्या गोष्टीवर आमच्या विधिमंडळाचं मत घेतलं ती ही गोष्टच नव्हे, मग पुन्हा विचारायला नको का? ऑगस्ट १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नको. मत मागवण्याची अट एकदा पुरी झाली. विधेयकात नंतर दुरुस्त्या झाल्या म्हणून पुन्हा पुन्हा विचारण्याचं बंधन नाही. निकाल कायद्याला धरून होता. पण विचारणं आणि होकार घेणं यांतलं अंतर किती मोठं, ते त्या निकालाइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

गोव्यात उलटं घडलं. तिथे घटनेने सांगितलं नसतानाही थेट लोकांना विचारलं गेलं. गोवा, दमण आणि दीवमध्ये जनमत कौल घेण्यासाठी १९६६ साली संसदेने कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांनी फूल की दोन पानं, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश, यावर मत दिलं. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. अंतर ३४,०२१ मतांचं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच पुढाऱ्यांना तो निकाल पचायला जड गेला. पण राज्याच्या सीमेचा प्रश्न संसदेने आपल्या हातातला असूनही लोकांपुढे ठेवला, ही आपल्या घटनेच्या व्यवहारातली दुर्मीळ गोष्ट आहे.

रांगा अशा का लावल्या, याचं कारण डॉ. आंबेडकरांच्या दोन भाषणांत मिळतं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी म्हटलं होतं ते थोडक्यात असं: या घटना समितीला कुठल्या पक्षाचा कार्यक्रम रेटायचा नाही; पुढची संसद मात्र पक्षांची असेल, आपल्या कार्यक्रमाच्या वाटेत घटनेचं एखादं कलम आलं म्हणून ते हटवायला निघेल; तेव्हा घटना बदलणं हे साधा कायदा करण्याहून अवघड असलं पाहिजे. एक वर्षाने, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात भर दुसरीकडे होता. टीकाकारांना त्यांनी सुनावलं की इतकी सोपी दुरुस्तीपद्धत दुसऱ्या कुठल्या घटना समितीने दिली ते दाखवा. प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या संसदेत दोन तृतीयांश मतंही ज्यांना जमवता येत नाहीत, त्यांची नाराजी जनतेची आहे असं कसं समजायचं? काही जण यातलं एकच भाषण उचलतात आणि बाबासाहेबांना कधी पोलादी घटनेचे, तर कधी लवचिक घटनेचे पुरस्कर्ते करतात. दोन्ही भाषणं एकत्र वाचली की हिशेब लागतो. ज्याच्या हातात आज सत्ता आहे त्याला एकट्याला जमू नये इतकं अवघड, आणि देशात खरोखर व्यापक सहमती असेल तर अडू नये इतकं सोपं.

हा मधला बिंदू म्हणजे विशेष बहुमत. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश. दोन्ही अटी एकदम. साध्या विधेयकावर दोन सभागृहांचं जमलं नाही तर संयुक्त बैठक बोलावता येते. घटनादुरुस्तीला ती पळवाट नाही. त्यामुळे राज्यसभेचा होकार इथे खराखुरा होकार असतो. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द करणारं विधेयक लोकसभेत पास होऊन राज्यसभेत आलं. बाजूने १४९, विरोधात ७५. एकूण २२४ चे दोन तृतीयांश म्हणजे १४९ आणि वर एक तृतीयांश. एक तृतीयांश मत कुणाला देता येत नाही, म्हणून १५० हवी होती. विधेयक पडलं. इंदिरा गांधींच्या सरकारने लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मग १९७१ ची निवडणूक झाली, प्रचंड बहुमत मिळालं आणि त्याच वर्षी सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे गेले. मला या प्रकरणात सगळ्यांत बोलकी वाटते ती आदेशाची आडवाट. होकार मिळाला नाही तेव्हा सरकारने पहिल्यांदा केलं ते हे, की होकार लागणारच नाही अशी वाट शोधली. ती बंद झाली तेव्हाच ते मतदारांकडे गेले.

होकाराची शेवटची रांग राज्यांची. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांची वाटणी, सातव्या परिशिष्टातल्या याद्या, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व, आणि दुरुस्तीचं कलम ३६८ स्वतः, यांना हात लावायचा तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचं अनुमोदन लागतं. गंमत पाहा: राज्याच्या यादीतला एखादा विषय केंद्राकडे न्यायचा तर राज्यांचा होकार हवा, पण अख्खं राज्य दुभंगायचं तर त्या राज्याला नुसतं विचारलं की भागतं. घटनाकारांपुढे फाळणीनंतरचा आणि संस्थानांच्या विलीनीकरणातला अस्थिर नकाशा होता, हे लक्षात घेतलं की त्याचं कारण कळतं.

राज्यांना विचारायचं राहून गेलं तर काय होतं, ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीने जवळून पाहिलं आहे. डिसेंबर २०११ मध्ये संसदेने सत्त्याण्णवावी घटनादुरुस्ती संमत केली आणि घटनेत सहकारी संस्थांसाठी नवा भाग आला. संचालक एकवीसपेक्षा जास्त नकोत, मुदत पाच वर्षं, निवडणुकीसाठी वेगळी यंत्रणा, वगैरे. त्याला अनुसरून २०१३ साली आपल्या १९६० च्या सहकार कायद्यात मोठे बदल झाले. सोसायट्यांच्या नोटीसबोर्डावर ‘क्रियाशील सभासद’ हा शब्द झळकला तो तेव्हा. पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजर राहिला नाहीत तर तुम्ही अक्रियाशील. नवे उपविधी मंजूर करायला सभा झाल्या, त्यांत पार्किंग आणि गळतीवर जेवढी भांडणं झाली तेवढी घटनेवर अर्थातच झाली नाहीत. पण सहकारी संस्था हा विषय राज्याच्या यादीतला, बत्तिसाव्या नोंदीतला. त्या यादीतलं एक अक्षरही न बदलता संसदेने राज्यांच्या अधिकाराला कुंपण घातलं होतं आणि निम्म्या राज्यांचं अनुमोदन घेतलं नव्हतं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी एवढ्याच मुद्द्यावर तो भाग बाद केला. उरला तो फक्त बहुराज्यीय संस्थांपुरता. तरतुदी चांगल्या की वाईट, याचा विचारच झाला नाही. ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना विचारलं नाही, एवढं पुरे झालं.

पण विचारलं म्हणजे खरंच विचारलं का? १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द केली, पंचवीस तारखेला आणीबाणी आली, आणि सर्वोच्च न्यायालयातल्या अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती. एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती, म्हणजे पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी, ७ ऑगस्टला लोकसभेत आली आणि त्याच दिवशी संमत झाली. आठला राज्यसभा. नऊला, शनिवारी, राज्यांची विधिमंडळं खास बोलावून अनुमोदन. दहाला, रविवारी, राष्ट्रपतींची सही. विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात. कलम ३६८ ची एकूण एक अट पाळली गेली होती. २०१६ साली वस्तू आणि सेवा कराच्या घटनादुरुस्तीला याच अनुमोदनासाठी महिनाभर लागला, आणि मला तोही कमीच वाटतो. विधिमंडळाने किती वेळ चर्चा करावी, ठराव कधी मांडावा, यावर घटना गप्प आहे. आपल्या व्यवस्थेतलं सगळ्यांत पोकळ ‘विचारणं’ कुठलं म्हणाल, तर मी या अनुमोदनाकडे बोट दाखवीन.

इथून खरा कूट प्रश्न सुरू होतो. सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी होकार दिला, तर वाटेल ते करता येतं का?

पहिल्यांदा उत्तर ‘हो’ असंच गृहीत होतं. १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने नववं परिशिष्ट आणलं. त्यात घातलेला कायदा मूलभूत हक्कांच्या विरोधात जातो म्हणून रद्द करता येणार नाही, अशी ती तजवीज. पहिल्या यादीत तेरा कायदे होते. पहिला बिहारचा, आणि दुसरा आपला १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, म्हणजे कुळकायदा. कसेल त्याची जमीन झाली ती या कवचाखाली. कुळांच्या बाजूने पाहिलं तर हा बदल न्याय्यच होता, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न अवघड झाला. ज्या हत्याराने कुळाला जमीन मिळाली, तेच हत्यार पुढे कशावरही चालवता येईल, हे तेव्हा फार थोड्यांनी बोलून दाखवलं.

१९६४ मध्ये सज्जनसिंग खटल्यात ते न्यायासनावरून बोललं गेलं. न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर हे अमरावतीचे, १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष रघुनाथराव मुधोळकर यांचे चिरंजीव. निकाल सरकारच्या बाजूने गेला, त्यांनीही तो मानला. पण स्वतंत्र निकालपत्रात एक शंका नोंदवली. घटनेचं मूळ वैशिष्ट्यच बदललं तर त्याला दुरुस्ती म्हणायचं, की घटनेचा एक भाग नव्यानेच लिहिणं म्हणायचं? आणि ते दुसरं कलम ३६८ मध्ये बसतं का? आधार म्हणून त्यांनी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा निकाल दिला होता. आजच्या वातावरणात हे वाचताना जरा थबकायला होतं.

त्या शंकेचं उत्तर २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात आलं. तेरा न्यायमूर्ती, अडुसष्ट दिवसांची सुनावणी. कासरगोडजवळच्या एडनीर मठाच्या स्वामींच्या बाजूने नानी पालखीवाला, केरळ सरकारच्या बाजूने महाराष्ट्राचे ॲडव्होकेट जनरल एच. एम. सीरवई, दोघेही मुंबईचे. सात विरुद्ध सहा मतांनी ठरलं की संसदेला कुठलंही कलम बदलता येईल, मूलभूत हक्कांचंही, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. चौकटीत नेमकं काय येतं याची पक्की यादी दिली नाही, आणि आजही ती नाही. विरोधातल्या सहांमध्ये पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड होते. दोन वर्षांनी, त्या शनिवार-रविवारात उरकलेली एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती पाच न्यायमूर्तींपुढे आली, तेव्हा पंतप्रधानांच्या निवडणुकीबद्दलची तरतूद बाद करणाऱ्यांत तेही होते. सीरवईंनीही आपल्या ग्रंथात पुढे हे तत्त्व स्वीकारलं. ज्यांनी १९७३ साली विरोध केला त्यांना १९७५ ने समजावलं, असं म्हणायला हरकत नाही.

न्यायालयाचा हात नकार देण्यापुरताच नसतो, हेही जाता जाता सांगितलं पाहिजे. २०१८ च्या एकशे दोनाव्या घटनादुरुस्तीने राज्यांचा मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार जाणार नाही, असं केंद्र सरकार सांगत होतं. मराठा आरक्षणाच्या खटल्यात ५ मे २०२१ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने शब्द वाचले आणि अधिकार गेला असा अर्थ लावला. तीन महिन्यांनी एकशे पाचावी घटनादुरुस्ती करून तो परत द्यावा लागला. मधल्या काळात त्या तरतुदीचं एकही अक्षर हललं नव्हतं.

‘निवडून न आलेल्या तेरा माणसांनी निवडून आलेल्यांना कसं अडवावं?’ ही केशवानंद निकालावरची टीका पोकळ नाही. तिला उत्तर देण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न झाला होता, तो आता कुणाला फारसा आठवत नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३६८ मध्ये (४) आणि (५) ही उपकलमं घातली होती: घटनादुरुस्तीला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, आणि दुरुस्तीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. जनता सरकारने १९७८ मध्ये दुसरा तोडगा मांडला. घटनेचं धर्मनिरपेक्ष किंवा लोकशाही स्वरूप, मूलभूत हक्क, मोकळ्या निवडणुका आणि न्यायसंस्थेचं स्वातंत्र्य यांना धक्का लावणारी दुरुस्ती असेल तर देशभर सार्वमत घ्यायचं. किमान ५१ टक्के मतदारांनी मतदान केलं पाहिजे आणि त्यात बहुमत मिळालं पाहिजे. म्हणजे शेवटचा होकार न्यायाधीशांचाही नाही आणि खासदारांचाही नाही, मतदारांचा. लोकसभेने हे मान्य केलं. राज्यसभेत काँग्रेसचं बळ होतं, तिथे ती तरतूद गळाली, आणि बाकीचं विधेयक चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती म्हणून पुढे गेलं. सार्वमताबद्दल मला शंका आहेत. असले प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात मावत नाहीत. पण तो प्रस्ताव निदान योग्य प्रश्नाला भिडला होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८० मध्ये, बंगळुरूच्या मिनर्व्हा मिल्सचा खटला आला. सरन्यायाधीश आता चंद्रचूड होते. त्यांचा युक्तिवाद साधा आहे: संसदेला दुरुस्तीचा अधिकार मिळाला तो मर्यादित, मर्यादित अधिकार मिळालेल्याला तोच अधिकार वापरून तो अमर्याद करून घेता येणार नाही. दोन्ही उपकलमं बाद झाली. मतदारांसाठी मांडलेली जागा न्यायालयाकडे गेली ती तेव्हापासून. ही उपकलमं काढून टाकायला पुन्हा संसदेचीच घटनादुरुस्ती लागेल, आणि ती आजवर झालेली नाही. त्यामुळे घटनेची सरकारी प्रत उघडलीत तर कलम ३६८ खाली ती दोन्ही अजून छापलेली दिसतील, आणि पानाच्या तळाशी टीप, की सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरवली आहेत.